वाचकांचे प्रश्न : मातीविना भाजी आणि खान्देशातले पाणी

गेल्या अंकात गच्चीवरील मातीविना शेतीविषयीचा, म्हणजे मातीऐवजी खते विरघळवलेल्या पाण्यात रोपे वाढवण्याविषयीचा लेख प्रसिद्ध झाल्यावर जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून पत्रे आली. बहुतेकांनी खतांचे प्रमाण विचारले आहे आणि पाण्याविषयी विचारणारे थोडेच आहेत. आपल्या भागात हा क्रम उलटा असायला हवा. खान्देशाचा बराचसा भाग बेसाल्टच्या काळ्या खडकावर वसलेला आहे, आणि त्या खडकातून झिरपणारे पाणी कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट सोबत घेऊनच वर येते. खताचा पहिला चमचा पडण्याआधीच टबात काही अन्नद्रव्ये आलेली असतात, त्यांची नोंद न घेता दुसऱ्या प्रदेशातले कोष्टक जसेच्या तसे वापरले की गणित चुकते. म्हणून खालील उत्तरांत पाण्याला अधिक जागा दिली आहे.

प्रश्न : आमच्याकडे बोअरचे पाणी आहे. ४० लिटरच्या टबात पालक आणि लेट्यूस लावले असून बाजारातील खतांचे तयार ‘ए’ आणि ‘बी’ द्रावण वापरतो. नवीन पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. सामू (पीएच) रोज ५.८ वर आणतो, पण दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा ७.५ च्या आसपास जातो. पाण्याचा तपासणी अहवाल असा आहे : सामू ७.८, विद्युत वाहकता १.१५ मिलिसीमेन्स, एकूण विरघळलेले क्षार ७४०, एकूण कठीणता ४२०, कॅल्शियम ७२, मॅग्नेशियम ५८, अल्कलिनिटी ३४०, क्लोराइड ११० (वाहकता आणि सामू वगळता सर्व आकडे मिलिग्रॅम प्रति लिटर). हे पाणी चालेल का? — एक वाचक, भुसावळ

उत्तर : आपण अहवाल सोबत पाठवला हे फार चांगले केले. त्यामुळे अंदाजाने बोलण्याची वेळ आली नाही.

पानांवर जे दिसते आहे त्याला आपल्याकडचे शेतकरी केवडा म्हणतात. ही लोहाची कमतरता आहे. टबात लोह नाही असे मात्र नाही. तयार द्रावणातील लोह बहुधा ईडीटीए या चिलेटमध्ये, म्हणजे लोहाला विरघळलेले ठेवणाऱ्या संयुगात, बांधलेले असते, आणि सामू साडेसहाच्या वर गेला की ती बांधणी सैल होऊन लोह साक्यासारखे खाली बसते. मुळांच्या शेजारी असूनही ते रोपाला घेता येत नाही. त्यामुळे वरून आणखी लोह ओतण्यापेक्षा सामू का चढतो, हे आधी पाहिले पाहिजे.

अहवाल हातात आल्यावर बहुतेकांची नजर क्षारांच्या आकड्यावर जाते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार ५०० मिलिग्रॅमपर्यंतचे क्षार स्वीकारार्ह मानले आहेत आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत मुभा आहे, म्हणजे ७४० हा आकडा घाबरवणारा नाही. सामू ७.८ हाही स्वतःहून त्रासदायक नाही. आपल्या अहवालातला खरा महत्त्वाचा आकडा अल्कलिनिटीचा, म्हणजे ३४० हा आहे. पाण्यात आम्ल जिरवून घेणारे बायकार्बोनेट किती आहे, हे तो सांगतो. आपण आम्लाचे थेंब टाकता तेव्हा बायकार्बोनेटचा काही भाग मोडतो आणि त्यातून तयार झालेला कार्बन डायऑक्साइड पाण्यातच विरघळून राहतो, त्यामुळे मीटर लगेच ५.८ दाखवतो. रात्रभर हवेचा पंप चालू राहिला की तो वायू बुडबुड्यांबरोबर निघून जातो, न मोडलेले बायकार्बोनेट शिल्लक राहते आणि सकाळी सामू पुन्हा वर आलेला दिसतो. त्यात रोपे नायट्रेट शोषताना सामू थोडा वाढवतातच. आपला मीटर बिघडलेला नाही.

मग सगळे बायकार्बोनेट एकदाच मोडून टाकावे, असे कोणालाही वाटेल. त्याचा हिशेब करून पाहू. अल्कलिनिटी ५० च्या आसपास शिल्लक ठेवून बाकीची घालवायची, तर आपल्या ४० लिटर पाण्याला ८५ टक्के फॉस्फोरिक आम्ल सुमारे १६ मिलिलिटर लागेल, आणि त्यातून स्फुरद (फॉस्फरस) दर लिटरला १८० मिलिग्रॅमच्या घरात जाईल. पालेभाजीला ३० ते ५० पुरते. इतके जादा स्फुरद पुन्हा लोह आणि जस्त अडवून धरते, म्हणजे ज्या केवड्यासाठी हा खटाटोप केला तोच परत येतो. नायट्रिक आम्लाने हा प्रश्न येत नाही, पण ते अंगावर आणि कपड्यांवर पडले तर भाजते, त्याच्या वाफाही घातक असतात. लेकरे वावरतात त्या घरात ते आणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

याहून सोपा उपाय पाण्याची सरमिसळ करण्याचा आहे. घरात आरओ असेल तर ३० लिटर आरओचे पाणी आणि १० लिटर बोअरचे पाणी घ्यावे. अल्कलिनिटी ९० च्या आसपास येईल, वाहकता ०.३ ते ०.३५ राहील, आणि आता फॉस्फोरिक आम्ल केवळ दोन मिलिलिटर लागेल. ते घालून रात्रभर हवा सोडावी, म्हणजे कार्बन डायऑक्साइड आधीच निघून जाईल. खते दुसऱ्या दिवशी घालावीत आणि सामूची बारीक दुरुस्ती सर्वांत शेवटी करावी. सामू ५.५ ते ६.५ च्या दरम्यान कुठेही असला तरी चालते, ५.८ चा हट्ट नको. आम्ल हाताळताना हातमोजे आणि चष्मा घालावा, आणि आधी पाणी घेऊन मग त्यात आम्ल सोडावे. आम्लावर पाणी कधीही ओतू नये.

आरओमधून बाहेर टाकले जाणारे पाणी मात्र टबासाठी घेऊ नये, कारण त्यात मूळ पाण्यापेक्षा क्षार अधिक असतात. फरशी पुसायला किंवा संडासात टाकायला ते चालते. आरओ नसेल तर पावसाचे पाणी साठवावे. २० चौरस मीटर स्वच्छ छतावर ५० मिलिमीटर पाऊस पडला तर हिशेबाने १००० लिटर पाणी मिळते, आणि काही वाया गेले तरी घरगुती टबांना ते पुष्कळ दिवस पुरते. पहिल्या एक-दोन पावसांचे पाणी छतावरची धूळ धुऊन आणते, ते सोडून द्यावे. पुढचे पाणी झाकलेल्या आणि उजेड आत न जाणाऱ्या टाकीत ठेवावे.

अहवालातील आणखी एका आकड्याकडे लक्ष वेधतो. मॅग्नेशियम ५८ आहे, आणि पूर्ण मात्रेच्या द्रावणातही मॅग्नेशियम साधारण ४० ते ५० मिलिग्रॅमच असते. म्हणजे निव्वळ बोअरचे पाणी वापरणाऱ्याने मॅग्नेशियम सल्फेट घालण्याचे कारणच उरत नाही. सरमिसळ केल्यावर मात्र ते १५ च्या खाली येते, तेव्हा पूर्ण मात्रेच्या दोन-तृतीयांश घालावे. पाने सुधारेपर्यंत लोहासाठी ईडीडीएचए प्रकारचे चिलेट वापरावे. त्याचे द्रावण गडद लाल दिसते, ते पाहून घाबरू नये. सामू वर गेला तरी ते टिकून राहते. पिवळी झालेली जुनी पाने पूर्ण हिरवी होतीलच असे नाही, सुधारणा नव्या पानांवर पाहावी.

बोअरचे पाणी वर्षभर एकसारखे नसते. मे महिन्यातला खालावलेला बोअर आणि पावसाळ्यानंतरचा भरलेला बोअर यांचे अहवाल वेगळे येतात, म्हणून निदान या दोन वेळा नमुना द्यावा. मोटर दहा-पंधरा मिनिटे चालू ठेवून मग नमुना घ्यावा. स्वच्छ प्लास्टिकची बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळावी, काठोकाठ भरावी आणि शक्यतो त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोहोचवावी. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा आहेत, आणि जळगाव जिल्ह्यातील पाल व ममुराबाद येथील कृषी विज्ञान केंद्रांतही चौकशी करता येईल. अर्जावर कॅल्शियम, मॅग्नेशियम, अल्कलिनिटी आणि सोडियम हे चार शब्द आठवणीने लिहावेत, नाहीतर पुष्कळदा सामू आणि क्षार एवढेच दोन आकडे हातात पडतात.

प्रश्न : आमची केळीची बाग आहे. ठिबकमधून १९:१९:१९, १२:६१:००, ००:५२:३४ आणि १३:००:४५ ही खते देतो. सूनबाईंनी गच्चीवर पाइपांचा सांगाडा बसवून पालेभाजी सुरू केली आहे. घरात पडून असलेली हीच विद्राव्य खते तिथे वापरली तर चालतील का? — एक शेतकरी, यावल तालुका

उत्तर : चालतील, मात्र सगळी नव्हेत. केळीच्या पट्ट्यातील शेतकऱ्याला विद्राव्य खतांचे जे ज्ञान असते ते शहरातल्या हौशी माणसाला पुस्तके वाचूनही लवकर येत नाही, आणि तेच इथे आपल्या उपयोगी पडणार आहे.

या खतांच्या नावातील तीन आकडे अनुक्रमे नत्र, स्फुरद आणि पालाश (पोटॅशियम) यांची टक्केवारी सांगतात. सर्वांत आधी १९:१९:१९ बाजूला ठेवावे. त्यातील निम्म्याहून अधिक नत्र युरियाच्या रूपात असते. जमिनीतले जिवाणू युरियाचे अमोनियम आणि पुढे नायट्रेट करतात म्हणून शेतात ते उत्तम चालते, पण नव्याने भरलेल्या पाइपांत ते जिवाणू पुरेसे नसतात. शिवाय युरिया वीज वाहून नेत नाही, त्यामुळे मीटरला तो दिसतच नाही आणि आकडा कमी आला म्हणून माणूस आणखी खत घालतो. या खतात कॅल्शियमही नाही. १२:६१:०० मधील सगळे नत्र अमोनियमचे आहे, आणि उन्हाळ्यातल्या कोमट पाण्यात ते मुळांना त्रास देते. तेही नको.

उरलेल्या दोन खतांना कॅल्शियम नायट्रेट आणि मॅग्नेशियम सल्फेट यांची जोड दिली की मुख्य अन्नद्रव्ये पूर्ण होतात. आरओच्या किंवा पावसाच्या १०० लिटर पाण्यासाठी कॅल्शियम नायट्रेट ८० ग्रॅम, १३:००:४५ हे ४० ग्रॅम, ००:५२:३४ हे २० ग्रॅम आणि मॅग्नेशियम सल्फेट ४० ग्रॅम घ्यावे. यातून दर लिटरला नत्र सुमारे १७५, स्फुरद ४५, पालाश मूलद्रव्याच्या हिशेबाने २०५, कॅल्शियम १५० आणि मॅग्नेशियम ४० मिलिग्रॅम मिळते. कॅलिफोर्निया विद्यापीठातील होगलंड आणि आर्नन यांनी १९३८ मध्ये मांडलेल्या आणि आजही जगभर आधार मानल्या जाणाऱ्या द्रावणाच्या घराण्यातलेच हे प्रमाण आहे. चिलेटेड लोह १२ टक्क्यांचे असेल तर पावणेदोन ग्रॅम पुरे होते. बाकी सूक्ष्म अन्नद्रव्यांचे चिलेटेड मिश्रण वेष्टनावरील मात्रेने घ्यावे. कॅल्शियम नायट्रेटच्या पुडीवर बोरॉन लिहिलेले असेल तर वेगळे बोरिक ॲसिड घालू नये, कारण बोरॉनची गरज आणि बोरॉनची विषबाधा यांत अंतर फार थोडे असते. इतके बारीक वजन किराणा दुकानाच्या काट्यावर होत नाही, सोन्याचांदीचे वजन करतात तसला छोटा डिजिटल काटा घ्यावा.

हे सर्व एकाच डब्यात कालवायचे नाही. व्हेंचुरीच्या (ठिबकमध्ये खत ओढून घेणाऱ्या साधनाच्या) टाकीत कॅल्शियम नायट्रेटबरोबर ००:५२:३४ किंवा सल्फेट टाकले तर काय होते हे आपण पाहिले असेलच : पाणी दुधासारखे पांढरे होते आणि ठिबकच्या तोट्या बुजतात. कॅल्शियम आणि सल्फेट मिळून जिप्सम होते, कॅल्शियम आणि फॉस्फेट मिळून न विरघळणारे क्षार होतात, आणि ती अन्नद्रव्ये तळाशी बसून वाया जातात. म्हणून एक लिटरची ‘ए’ बाटली कॅल्शियम नायट्रेट आणि लोहाची करावी, आणि बाकी सर्व एक लिटरच्या ‘बी’ बाटलीत विरघळवावे. या दोन बाटल्या १०० लिटर पाण्याला पुरतात. दहा लिटरच्या बादलीला पूर्ण मात्रेसाठी दोन्हीतले प्रत्येकी १०० मिलिलिटर लागतात. आधी बादली भरावी, मग ‘ए’ घालून नीट ढवळावे आणि त्यानंतरच ‘बी’ घालावे.

पूर्ण मात्रेने वाहकता साधारण १.७ ने वाढते. लेट्यूसला १.२ च्या आसपास, कोथिंबिरीला १.२ ते १.८ आणि पालकाला १.८ ते २.२ वाहकता मानवते. कोवळ्या रोपांना याच्या निम्मी मात्रा द्यावी. वाढलेल्या लेट्यूसच्या दहा लिटरच्या बादलीला म्हणजे ‘ए’ आणि ‘बी’ प्रत्येकी ६५ ते ७० मिलिलिटर पुरतात. कॅल्शियम नायट्रेट हवेतली ओल पटकन धरते, म्हणून फोडलेली पुडी घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवावी.

प्रश्न : एकाच टबाचे पाणी माझ्या क्षार मोजण्याच्या मीटरवर ८५० पीपीएम दाखवते आणि मैत्रिणीच्या मीटरवर ११९०. दोन्ही नवीन आहेत. खरा कोणता? — एक वाचक भगिनी, चाळीसगाव

उत्तर : दोन्ही खरे आहेत. हे मीटर क्षारांचे वजन करीत नाहीत. ते पाण्याची वाहकता मोजतात आणि तिला एका ठरावीक अंकाने गुणून पीपीएम (दहा लाख भागांत किती भाग क्षार) दाखवतात. आपला मीटर ५०० ने गुणतो आणि मैत्रिणीचा ७०० ने. आपल्या टबाची वाहकता १.७ आहे, म्हणून एकीकडे ८५० आणि दुसरीकडे ११९० आले. यामुळे ‘अमुक पीपीएम ठेवा’ असा सल्ला गुणक न सांगता दिला असेल तर तो निरुपयोगी समजावा. शक्य असेल तर वाहकता थेट दाखवणारा मीटर घ्यावा, आणि परस्परांशी बोलताना दोघींनी वाहकतेतच बोलावे.

मीटरची खात्री करण्यासाठी १४१३ मायक्रोसीमेन्सचे प्रमाण द्रावण मिळते, त्यात बुडवून आकडा जुळतो का ते पाहावे. सामूचा मीटर याहून नाजूक असतो. त्याची काचेची घुंडी कोरडी पडू द्यायची नाही आणि आरओच्या पाण्यातही ठेवायची नाही, कारण त्याने ती हळूहळू निकामी होते. पोटॅशियम क्लोराइडचे साठवणीचे द्रावण टोपणात ठेवावे, आणि सामू ४ व ७ च्या आसपासच्या बफर (ठरावीक सामूच्या) द्रावणांत मीटर अधूनमधून जुळवून घ्यावा. सामूच्या मीटरवर खर्च करण्याची तयारी नसेल तर थेंब टाकून रंग पाहण्याची छोटी बाटली घ्यावी. न जुळवलेल्या मीटरपेक्षा ती अधिक विश्वासाची असते.

प्रश्न : नळाला काही दिवसांआड पाणी येते, ते टाकीत साठवतो. त्याला ब्लीचिंग पावडरचा वास येतो, आणि पावसाळ्यात गढूळ आल्यास आम्ही तुरटी फिरवतो. हे पाणी वापरावे का? — एक वाचक, धुळे

उत्तर : वापरावे. वास क्लोरीनचा आहे. रुंद तोंडाच्या भांड्यात एक दिवस उघडे ठेवले, किंवा काही तास हवेचा पंप सोडला, की तो निघून जातो. तुरटी फिरवलेले पाणी पूर्ण निवळू द्यावे आणि वरचेच अलगद काढून घ्यावे, तळाचा गाळ हलवू नये. तुरटीने अल्कलिनिटी थोडी कमी होते, त्यामुळे त्या दिवसांत आम्ल नेहमीच्या मापाने न घालता सामू मोजून घालावे.

प्रश्न : आमच्या इमारतीत सॉफ्टनर बसवला आहे. पाणी आता जड राहिलेले नाही, मग ते मातीविना शेतीला उत्तम असेल ना? — एक वाचक, जळगाव

उत्तर : नाही. सॉफ्टनर कॅल्शियम आणि मॅग्नेशियम काढून घेतो आणि त्यांच्या जागी सोडियम सोडतो. रोपांना हवे ते गेले आणि नको ते आले. बायकार्बोनेट तर जिथल्या तिथेच राहते. सॉफ्टनरच्या आधीच्या नळाचे पाणी मागून घ्यावे आणि भुसावळच्या वाचकांना सुचवल्याप्रमाणे त्यात आरओचे किंवा पावसाचे पाणी मिसळावे.

प्रश्न : हिवाळ्यात उत्तम आलेली रोपे एप्रिलमध्ये भर दुपारी माना टाकतात. मुळे तपकिरी आणि बुळबुळीत झाली आहेत. खत वाढवावे का? — एक वाचक भगिनी, शहादा

उत्तर : खत वाढवू नये. उलट एक-तृतीयांशाने कमी करावे. पाण्यात राहूनही रोप माना टाकते, कारण त्याची मुळे गुदमरलेली असतात. २० अंश तापमानाच्या पाण्यात दर लिटरला सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३५ अंशांना तो ७ वर येतो, आणि त्याच वेळी मुळांची प्राणवायूची गरज वाढलेली असते. अशा कोमट पाण्यात पिथियमसारख्या मूळकुजीच्या बुरशा झपाट्याने पसरतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा उघड्या गच्चीवरचा काळा टब आधी हलवला पाहिजे.

टाकी भिंतीच्या सावलीत किंवा खालच्या मजल्यावर न्यावी, तिला ओले गोणपाट गुंडाळावे, वर ५० टक्क्यांची शेडनेट बांधावी आणि हवेचा पंप दुपारी बंद करू नये. पाणी २५ अंशांच्या खाली राहिले तर उत्तम, २८ च्या वर जाऊ देऊ नये. उन्हाळ्यात रोप खतापेक्षा पाणी जास्त ओढते, त्यामुळे टब आटतो तसे उरलेले द्रावण तीव्र होत जाते. रोज सकाळी वाहकता मोजावी आणि ती चढलेली असेल तर भर साध्या पाण्याचीच घालावी. तपकिरी मुळांची रोपे काढून टाकावीत, पाइप सौम्य ब्लीचने धुऊन स्वच्छ पाण्याने दोनदा विसळावेत. मे महिन्यात लेट्यूसचा आग्रह धरू नये. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा त्याचा हंगाम आहे. पुदिना मात्र सावलीत उन्हाळाही काढतो.

प्रश्न : दोन-तीन आठवड्यांनी टबातले जुने पाणी बदलायचे तर ते टाकायचे कुठे? — एक वाचक, अमळनेर

उत्तर : त्यात नायट्रेट शिल्लक असते, म्हणून ते विहिरीजवळ, बोअरच्या तोंडाशी किंवा नाल्यात सोडू नये. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे, आणि टबातल्या पाण्यात ते याच्या कितीतरी पट असते. तेवढेच साधे पाणी मिसळून ते कढीपत्ता, लिंबू, जास्वंद अशा मातीतल्या झाडांना द्यावे, आणि एकाच कुंडीत दर वेळी न ओतता झाडे बदलत राहावीत.